आधी माणूस मोजा, मग बॉडी घ्या

जुन्या गाड्यांच्या या गप्पांमध्ये मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा : "सर, घरी हॉट रॉड बांधायची आहे. बॉडी कुठली घेऊ?" विचारणारे बेळगावचे असतात, इंदूरचे असतात, बडोद्याचे असतात. इथे म्हैसुरातही दोघं-तिघं आहेत. आणि जवळजवळ प्रत्येकाने विचारण्याआधीच मनात एक बॉडी ठरवलेली असते, फोटो बघून.

माझं उत्तर दर वेळी एकच असतं. गाडी दिसते कशी ते नंतर. आधी सांगा, तिच्यात बसणार कोण? उंची किती, वजन किती, गुडघे कसे आहेत, शेजारी कोण बसणार? फौजेत वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं, तिथे हे पहिल्या दिवशी शिकवतात. गाडी माणसासाठी असते. माणूस नीट बसला नाही, तर तो नीट चालवणार नाही.

हॉट रॉड म्हणजे काय, थोडक्यात

ज्यांना हा शब्द नवीन आहे त्यांच्यासाठी. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, १९३० आणि ४० च्या दशकांत तरुण पोरं जुन्या स्वस्त फोर्ड गाड्या घेत, मडगार्ड आणि जादा वजन काढून टाकत, इंजिन ताकदवान करत आणि कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट जमिनीवर पळवत. १९३२ साली फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन दिलं, ६५ अश्वशक्तीचं, आणि या वेडाला खरं बळ मिळालं.

आता त्या गाड्यांचे आकडे बघा. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, फोर्ड मॉडेल टीचा १०० इंच, मॉडेल एचा साडेएकशेतीन, १९३२ च्या गाडीचा १०६ आणि १९३३-३४ चा ११२ इंच. ऐकायला भरपूर वाटतं. आपल्या ॲम्बेसेडरचा ९७ आणि फियाटचा ९२ इंच आहे. मग मॉडेल टीच्या उघड्या बॉडीत सहा फुटी माणूस अवघडून का बसतो?

कारण व्हीलबेस म्हणजे जागा नव्हे. त्या लांबीतला मोठा भाग लांब बॉनेट आणि इंजिन खातं. उरलेल्यात अरुंद टप, त्यात एक बाक, दोघांचे खांदे एकमेकांना घासणार. तेव्हाची पोरं वीस वर्षांची, सडपातळ, त्यांचं भागलं. पुढे वय आणि पोट वाढलं तशा त्यातल्या बऱ्याच जणांना १९४० च्या दशकातल्या गोलमटोल, रुंद सेडान गाड्या आवडायला लागल्या. यातच आजच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

जागा चोरणाऱ्या तीन गोष्टी

मूळ गाडीत बसून पाहिलं, ऐसपैस वाटलं, म्हणून बॉडी घेतली, असं करू नका. बांधताना जागा कमी होते. कशी, ते सांगतो.

पहिली चोरी इंजिनाची. लांब किंवा मोठं इंजिन बसवायचं तर ते मागे सरकतं. त्यामागची पत्र्याची भिंत पायांकडे येते. गिअरबॉक्स मोठा असला तर मधला बोगदा रुंद होतो आणि क्लच दाबणाऱ्या डाव्या पायाला टेकायला जागा उरत नाही. शिवाय उष्णता. आपल्याकडच्या मे महिन्यात तो बोगदा डाव्या पोटरीला भाजतो.

दुसरी चोरी बॉडी खाली बसवण्याची. गाडी जमिनीला चिकटलेली दिसावी म्हणून बॉडीचा तळ कापतात आणि ती चॅसिसच्या गजांवर चार इंच खाली उतरवतात. बाहेरून बॉडी चार इंच खाली गेली, पण आतला तळ चॅसिसवर जिथल्या तिथे राहिला. म्हणजे आतली उंची सरळ चार इंचांनी घटली.

तिसरी चोरी छपराची. खांब कापून छप्पर खाली आणतात. तीन इंच कापलं की डोक्यावरचे तीन इंच गेले, आणि काच बुटकी झाली ती वेगळी. सिग्नलला उभं राहिलं की दिवा बघायला मान वाकवायची.

दुसरी आणि तिसरी चोरी एकाच गाडीत केली, तर सात इंच गेले. सात इंच म्हणजे बसलेल्या माणसाचं अख्खं डोकं, हनुवटीपासून भुवयांच्या वरपर्यंत.

मोजायचं कसं

यासाठी टेप, ओळंबा, गुण्या, दोन फळ्या आणि चार विटा पुरतात. भिंतीला पाठ लावून पायात बूट घालून जमिनीवर ताठ बसा. जमिनीपासून टाळूपर्यंत मोजा. सहा फुटी माणसाचं हे माप साधारण ३६ इंच भरतं. गाडीत आपण थोडं मागे रेलतो, त्यामुळे उभ्या रेषेत ते ३४ पर्यंत येतं. आता माणूस बसल्यावर दबलेली गादी तळापासून ९ इंच उंच धरा. वर ३ इंच मोकळे हवेत, कारण आपल्या रस्त्यांवर गतिरोधक न सांगता येतात. ३४, ९ आणि ३ मिळून ४६. म्हणजे आतला तळ ते छपराचं अस्तर ४६ इंच हवं. तेवढं नसेल तर एकतर गादी पातळ करा किंवा दुसरी बॉडी शोधा. मान वाकवून चालवायची सवय होईल, असं स्वतःला सांगू नका. तशी सवय होत नाही, मणक्याचं दुखणं मात्र होतं.

मग पाय. पाठ टेकलेली असताना क्लच तळापर्यंत दाबून पाहा. तेव्हाही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर पाय नेताना गुडघा स्टिअरिंगला लागता कामा नये. पेडल्समधलं अंतर तुम्ही रोज घालता त्याच बुटांनी तपासा. इथे गंमत नाही. अचानक ब्रेक मारायच्या क्षणी बुटाची कड दुसऱ्या पेडलखाली अडकली, तर पुढे काय होतं ते फौजेच्या वर्कशॉपमध्ये ओढून आणलेल्या गाड्यांनी मला दाखवलं आहे.

छाती आणि स्टिअरिंग यांच्यात दहा-बारा इंच तरी हवेत. जुन्या गाड्यांचा स्टिअरिंगचा दांडा धडकेत दुमडत नाही, तो सरळ भाल्यासारखा मागे येतो. म्हणून जागा ही नुसती आरामाची बाब नाही, ती जिवाची बाब आहे.

शेवटी खांदे. दोन धडधाकट माणसं शेजारी बसवून टेप धरा. चार फुटांच्या खाली आलात तर गिअर बदलताना कोपर शेजाऱ्याच्या बरगडीत जाणार. ही सगळी मापं फळ्या-विटा रचून अंगणात उभी करा आणि त्या सांगाड्यात अर्धा तास बसा. पाच मिनिटं कुठेही बसवतं.

आपल्याकडे मिळणाऱ्या बॉड्या

जीप सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पहिली येते. स्वतंत्र चॅसिस, साधा सपाट पत्रा, कुठल्याही गावात दुरुस्ती. पण जुन्या विलीज नमुन्याच्या छोट्या जीपचा व्हीलबेस फक्त ८० इंच, आणि पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या आसनाखाली. त्यामुळे आसन खाली घेता येत नाही, आणि मागे चाकाची कमान असल्याने मागेही नेता येत नाही. उंच माणसाने जीप घ्यायची तर लांब व्हीलबेसची घ्यावी आणि टाकी कुठे आहे ते वाकून पाहावं.

जोंगा हे आमचं जुनं प्रेम. निसान पेट्रोलच्या परवान्यावर जबलपूरच्या कारखान्यात बनलेली, जवळपास चार लिटरच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाची. पूर्ण सामानासह जवान बसावेत अशी ती रुंद आहे आणि इंजिनाची खोलीही प्रशस्त. फौजेच्या लिलावातून बाहेर आलेल्या काही अजून दिसतात. घेताना कागद आधी पाहा, पत्रा नंतर.

ॲम्बेसेडर आतून राजेशाही. पण तिला वेगळं चॅसिस नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. फियाट आणि कॉन्टेसाही तशाच. अशा गाडीचा तळ किंवा खांब कापला की तिचा कणाच कापला. 'बॉडी उचलून दुसऱ्या चॅसिसवर ठेवू' असं गॅरेजवाला सहज म्हणतो, पण त्यानंतर दारं नीट लागत नाहीत आणि गाडी वळणावर पिळवटते. स्टँडर्ड हेराल्डला मात्र खरंखुरं चॅसिस आहे, आणि तिचं अख्खं बॉनेट पुढे उघडतं, काम करायला स्वर्ग. फक्त आत जागा बेताची. साडेपाच फुटांपर्यंतच्या माणसाने खुशाल विचार करावा.

फायबरची बॉडी हा आणखी एक मार्ग. गोव्यात सॅन मोटर्सने १९९० च्या दशकाअखेर 'स्टॉर्म' ही दोन आसनी फायबर बॉडीची गाडी काढली, आणि अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीवर छोटी उघडी गाडी बांधली. दोन्ही देखण्या. पण अशा बुटक्या गाडीत उतरणं-चढणं हा वेगळा व्यायाम आहे. कंबरेचं दुखणं असेल तर घेण्याआधी दहा वेळा आत-बाहेर करून पाहा.

इचलकरंजी आणि देवराष्ट्रे

घरी गाडी बांधणं आपल्याला नवीन नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ मध्ये 'मीरा' या छोट्या गाडीचा पहिला नमुना उभा केला. तो दोन माणसांचा होता. सामान्य कुटुंबाला सुमारे १२,००० रुपयांत गाडी मिळावी हे त्यांचं स्वप्न. स्प्रिंगांऐवजी रबर, इंजिन मागे. पण कुटुंब म्हटलं की दोन आसनांत भागत नाही, म्हणून पुढचे नमुने मोठे होत गेले. कारखाना उभा राहिला नाही ही आपली खंत. तरी त्यांच्या कामातला क्रम बघा : आधी कोण बसणार ते ठरलं, त्यावरून आकार बदलला.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून सुमारे ६०,००० रुपयांत किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१ च्या डिसेंबरात तिचं कौतुक देशभर झालं. आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. कौतुक खरंच, पण अशी गाडी नियमांत बसत नव्हती, हेही तितकंच खरं.

कायदा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातला तपशील निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे कापलेली, उतरवलेली हॉट रॉड खाजगी जागेत किंवा बंद ट्रॅकवर चालवायची वस्तू आहे, बाजारात भाजी आणायची नव्हे.

आणखी एक. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. अट अशी की चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असावं. एकदा करवत चालली की तो मान कायमचा गेला.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आहेत, उंची सहा फूट एक इंच. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी १९६० च्या दशकातली फियाट घेतली होती. एका गॅरेजने छप्पर तीन इंच कापायचा दर सांगितला होता, खुणाही करून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, "साहेब, आधी वहिनींना शेजारी बसवा आणि टेप धरा." गाडी न कापताच त्यांच्या डोक्यावर दोन इंच उरत होते. तीन इंच कापल्यावर काय झालं असतं, ते वहिनींनीच मोठ्याने सांगितलं. कागद पाहिले तर गाडी विंटेज नोंदणीला पात्र. त्यांनी छपरावरच्या खुणा पुसल्या. आता पत्राकाम, गंज काढणं आणि मूळ रंग एवढंच चालू आहे. हॉट रॉडची हौस ते एका कागद नसलेल्या, गंजलेल्या जीपच्या सांगाड्यावर भागवणार आहेत, भावाच्या शेतात.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. घरातलं सर्वांत मोठं माणूस मोजा. इंजिन आणि गिअरबॉक्स कुठला ते ठरवा, त्याची लांबी-रुंदी खडूने जमिनीवर आखा. विटा-फळ्यांचा सांगाडा रचून बसा. मग त्या मापात बसणारी, स्वतंत्र चॅसिसची, शक्यतो आधीच खराब झालेली बॉडी शोधा. चांगली मूळ गाडी हाती लागली तर ती कापू नका, जपा. श्रीरंगपट्टणजवळ महामार्गावर 'पयण' हे जुन्या गाड्यांचं संग्रहालय आहे. म्हैसूरला आलात तर तिथे जरूर जा, आणि प्रत्येक गाडीच्या चकाकीबरोबर तिच्या आसनापासून पेडलपर्यंतचं अंतरही नजरेने मोजा. नजर तयार झाली की पैसे वाचतात.

पुढच्या भागात ब्रेक. ताकद वाढवायच्या आधी थांबायचं कसं, ते पाहू. जय हिंद.