पाथ सेट करताना ‘सेटएक्स’पासून जपून

आजचा विषय विंडोजवाल्यांसाठी. पायथन इन्स्टॉल केलंय, तरी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पायथन’ टाइप केलं की उत्तर येतं, ही कमांड ओळखीची नाही. असं का?

तुम्ही नाव टाइप केलं की कमांड प्रॉम्प्ट आधी तुम्ही ज्या फोल्डरमध्ये आहात तिथे तो प्रोग्रॅम शोधतो. मग ‘पाथ’ नावाच्या यादीतले फोल्डर, क्रमाने. पहिला सापडला की शोध थांबला. यादीत फोल्डरच नसेल तर प्रोग्रॅम डिस्कवर असून नसल्यासारखा.

‘सेट’ने जोडलेला फोल्डर त्या खिडकीपुरताच टिकतो. कायमचा हवा, म्हणून नेटवर एक उपाय सर्रास सांगतात: सेटएक्स पाथ, मग अवतरणात जुना पाथ दोन टक्का-चिन्हांमध्ये, अर्धविराम आणि नवा फोल्डर. मला हा सल्ला अजिबात पटत नाही.

कारण याद्या खरं तर दोन आहेत, एक सिस्टिमची, एक तुमच्या युजरची. टक्का-चिन्हांतून मिळतो तो दोन्हींचा एकत्र पाथ, आणि सेटएक्स तो अख्खा युजरच्या यादीत ओततो. वर मर्यादा 1024 अक्षरांची! पुढचं सगळं कापलं जातं. इशाऱ्याची एक ओळ येते खरी, पण तोवर सेव्ह झालेलं असतं. जावा, नोड, अँड्रॉइडची टूल्स टाकलेल्या लॅपटॉपवर 1024 सहज ओलांडतात. आणि कापलं जातं ते शेपूट, म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप केला तो नवा फोल्डरच! स्लॅश-एम लावलात तर फटका थेट सिस्टिमच्या यादीला, म्हणजे त्या मशीनवरच्या सगळ्यांना.

समजा झालंच असं, तर ती खिडकी बंद करू नका. सेटएक्सचा परिणाम फक्त नव्या खिडक्यांवर होतो, जुना पाथ त्या खिडकीत अजून शाबूत असतो. ‘एको’ने छापून फाइलमध्ये ठेवा. खरं तर हे आधीच करावं.

मग योग्य रस्ता कोणता? पॉवरशेलमधून डॉटनेटचं सेट-एन्व्हायर्नमेंट-व्हेरिएबल. वाचताना आणि लिहिताना, दोन्ही वेळा ‘युजर’ सांगायचं, म्हणजे याद्यांची खिचडी होत नाही आणि 1024 ची कात्रीही लागत नाही. कमांडची भीती वाटत असेल तर स्टार्ट मेनूत ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ शोधा, तिथे एकेक ओळ जोडता येते. त्यात कमीपणा काही नाही.

नंतर नवीन कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘व्हेअर पायथन’ टाका. सापडलेल्या सगळ्या जागा क्रमाने दिसतील. पहिल्या ओळीत ‘विंडोजॲप्स’ दिसलं तर ते बहुधा मायक्रोसॉफ्ट स्टोअरकडे नेणारं बुजगावणं असतं. सेटिंग्जमध्ये ‘ॲप एक्झिक्युशन एलियासेस’मध्ये जाऊन ते बंद करा.