गाणारी पोरं मुक्कामाला

जळगाव-धुळ्याकडे पाहुणा येणार म्हटलं की आधी वांगी भाजायला पडतात. मग वरण-बट्टी, शेवभाजी, जमलंच तर खापरावरचे मांडे. परराज्यातून समूहगान करत आलेली दहा-बारा वर्षांची दोन मुलं घरी उतरणार असतील, तर नेमका हाच उत्साह आवरायचा असतो.

पाहुण्या मुलांना घरोघरी उतरवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. एस. एन. सुब्बराव (१९२९–२०२१) यांच्या राष्ट्रीय युवा योजनेच्या बालमहोत्सवांत वेगवेगळ्या राज्यांतली मुलं हॉलमध्ये सतरंज्या टाकून न राहता गावातल्या घरांत राहतात. शक्यतो घर वेगळ्या भाषेचं, वेगळ्या धर्माचं बघतात. सुब्बराव स्वतः गायचे. त्यांच्या ‘भारत की संतान’ या कार्यक्रमात एकामागून एक भाषांतली गाणी येतात आणि मुलं त्या त्या प्रांताच्या वेशात नाचतात. परदेशी बालगायकवृंदही दौऱ्यावर असे घरोघरी उतरतात, पण तिथे मुख्य प्रश्न हॉटेलच्या खर्चाचा. आपल्याकडे घर हाच कार्यक्रम.

त्याची मुळं खानदेशातच सापडतात. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते आणि तिथलं छात्रालय सांभाळत. मुलांच्या खोल्या झाडणं, कंदिलाच्या काचा पुसणं ही कामं ते स्वतः करत. एका प्रांताने दुसऱ्याची भाषा, गाणी, माणसं ओळखावीत ही ‘आंतरभारती’ची कल्पना त्यांनी पुढे १९४९च्या सुमारास मांडली. ती समजून घ्यायला भाषणांपेक्षा मला त्या पुसलेल्या काचा जास्त उपयोगी वाटतात. परक्याचं मूल सांभाळायचं म्हणजे बहुतेक वेळ असलीच कामं असतात.

आता गळ्याचं बघू. थंड पाण्याला आपण उगाच बदनाम करतो. गाणाऱ्या मुलाचा आवाज जास्त करून बसतो तो ओरडण्याने, जागरणाने आणि पाणी कमी पडल्याने. दुपारी गल्लीतली पोरं गोळा होतात, क्रिकेट रंगतं, आरडाओरडा होतो आणि संध्याकाळी वरचा सूर लागत नाही. रात्री दहाला वाढलेल्या शेवभाजीची तर्री आडवं झाल्यावर घशाशी येते, तीही आवाजाला बाधते. म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी वरणभात, पोळी, दही, केळी. केळ्यांची तर जळगावला ददात नाही. बट्टी आणि भरीत शेवटच्या दिवशी, ठेचा वेगळ्या वाटीत. दौरा मे महिन्यात ठेवूच नये, हे माझं स्पष्ट मत. पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या गावात कुणाचं पोर गायला बोलवायचं? हिवाळ्यात बोलवा, पण रजई जास्तीची काढून ठेवा. केरळच्या मुलाला इथली जानेवारीची पहाट झेपत नाही.

मुलं दोन-दोनच्या जोडीने द्यावीत, एकटं मूल देऊ नये. जोडी असली की रात्री आईची आठवण आली तरी आपल्या भाषेत बोलायला कुणी असतं. झोपायची खोली वेगळी असावी, रोज ठरल्या वेळी घरी फोन व्हावा. औषधं आणि चालत नसलेले पदार्थ कागदावर लिहून घ्यावेत. घरातल्या मोठ्यांची माहिती आयोजकांनी आधी घ्यावी. यात यजमानांनी अपमान मानू नये. कुणी विचारतच नसेल, तर काळजी तेव्हा करावी.

भाषेची चिंता मात्र फुकटची. आजीचं ‘काय करी ऱ्हायनी?’ ओडिशाच्या मुलीला कळत नाही, पण शेंगा सोलायला बसल्यावर न कळल्याचं दोघींचंही काही अडत नाही. ताटं मांडणं, अंगणात पाणी मारणं, असं एखादं काम मुलांना जरूर द्यावं. नुसतं सोफ्यावर बसवून वाढत राहिलं की मूल अवघडतं, आणि घरातली आपली पोरं त्याच्यावर मनातून चिडतात.

खरी परीक्षा वेगळीच असते. कुठलं मूल कुणाकडे याची यादी वाचताना ‘आमच्याकडे आपल्यातलंच मूल द्या बरं का’ असं कुणीतरी हळूच सांगतं. मंदिराचे दरवाजे दलितांना उघडावेत म्हणून १९४७ साली पंढरपुरात उपोषणाला बसलेल्या साने गुरुजींचं नाव मंडपाच्या कमानीवर असतं, आणि आत ही कुजबुज. आयोजकांनी अशा घराला नम्रपणे चहा पाजून मोकळं करावं आणि मूल शेजारच्या घरी द्यावं.