एका ग्रॅमची करामत

‘माला-एन’च्या एका पांढऱ्या गोळीत एथिनिलएस्ट्राडिओल असतं फक्त ०.०३ मिलिग्रॅम. म्हणजे चिमूटभर, एक ग्रॅम पावडरीत तेहतीस हजार गोळ्या! महिन्याला एकवीस धरल्या तर दीड हजारांहून जास्त पाकिटं. बी.फार्म.ला असताना मी दशांशचिन्ह पुन्हा तपासलं होतं. उत्तर तेच आलं.

एवढ्याशा औषधाने गर्भधारणा थांबते कशी? वाटेत भिंत उभारून नव्हे, मेंदूला चकवून. गोळीतल्या संप्रेरकांमुळे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी आपले संदेश आवरते घेते; मग बीजांड पिकत नाही, सुटतही नाही. दिवस गेले की शरीर स्वतः हेच करतं. सोबतचं ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्रावही घट्ट करतं.

या युक्तीचा पहिला धागा इन्सब्रुकला सापडला. लुडविग हाबरलांट यांनी गाभण सशिणीचे बीजांडकोश दुसऱ्या सशिणीत बसवले आणि तिला काही काळ गर्भ राहिला नाही. हे त्यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी इकडे मुंबईत र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचं केंद्र उघडलं होतं! कर्व्यांच्या हाती तेव्हा गोळी नव्हतीच. नैसर्गिक इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक पोटातून दिलं की बरंचसं यकृतातच मोडायचं. १९३८ मध्ये बर्लिनच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूच्या सतराव्या कार्बनवर दोन कार्बनांचं छोटं शेपूट जोडलं आणि तो तग धरू लागला; तेच हे एथिनिलएस्ट्राडिओल.

आमच्या भाईंदरमध्ये ‘माला-एन’ आशाताईंकडे फुकट मिळते. मेडिकलच्या काउंटरवर मात्र अजून आवाज खाली जातो. “दादा, या शेवटच्या रंगीत गोळ्या कशाच्या?” लोहाच्या, ताई. प्रत्येकीत ६० मिलिग्रॅम फेरस फ्युमरेट. पांढऱ्या गोळीतल्या दोन्ही संप्रेरकांच्या एकत्रित वजनाच्या तीनशे पटींहून जास्त. रोजची सवय मोडू नये म्हणून त्या सात. त्या दिवसांत होणारा रक्तस्रावही नेहमीची पाळी नसते. संप्रेरकं थांबल्यामुळे तो होतो.

मात्र मात्रा इतकी बारीक, की जरा धक्का लागला तरी तोल जातो. टीबीचं रिफाम्पिसिन यकृतातल्या एन्झाइमांना असं कामाला लावतं, की गोळीतली संप्रेरकं झपाट्याने मोडतात. बाई रोज न चुकता गोळी घेते, तरी दिवस जाऊ शकतात. दोन चिठ्ठ्या दोन डॉक्टरांच्या असतील, तर त्या एकत्र दिसण्याची जागा एकच: औषधाचं दुकान. म्हणून रिफाम्पिसिन देताना फार्मासिस्टने हळूच का होईना, पण विचारायलाच हवं, “ताई, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का?”