मत्स्यपेटीतील तांबडा थर व मंदावलेला पंप

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीत वाळूवर व दगडांवर कधी कधी तांबूस-जांभळा, बुळबुळीत थर पसरतो. पुष्कळ हौशी मत्स्यपालक त्यास शेवाळ समजतात. वस्तुतः ते जीवाणू होत. भातखाचरात नत्र स्थिर करणाऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्याच कुळातले. खाचरात उपकारक ठरणारे हे कूळ पेटीत मात्र प्रवाळास झाकून गुदमरवते.

न खाल्लेले खाद्य कुजून पाण्यात नत्र व स्फुरद वाढणे आणि प्रवाह मंदावणे, ही या उपद्रवाची मुख्य कारणे होत. म्हणून थर दिसताच प्रथम पंप तपासावा. वीजजोडणी काढूनच पाण्यात हात घालावा. पंपाच्या फिरत्या चक्रावर चुन्याचे पुट चढले असल्यास तो भाग पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवून, घासून, गोड्या पाण्याने स्वच्छ धुवावा.

नंतर थर नळीने ओढून काढावा व जितके पाणी निघेल तितकेच, समान क्षारतेचे व तपमानाचे ताजे पाणी घालावे. एका वेळी पाचव्या हिश्श्याहून अधिक पाणी बदलू नये. दोन-तीन मिनिटांत मासे संपवतील इतकेच खाद्य द्यावे.

प्रतिजैविक औषधाने थर लवकर नाहीसा होतो. परंतु पाणी शुद्ध राखणारे उपयुक्त जीवाणूही त्यामुळे मरण्याचा धोका असतो. शिवाय मेलेला थर कुजताना प्राणवायू खर्ची पडून मासे दगावू शकतात. वीज गेल्यासही प्राणवायूचे हेच संकट ओढवते. यास्तव बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ बाळगावा. मूळ कारण दूर न करता केलेली औषधयोजना व्यर्थ होय, हे ध्यानात ठेवावे.