डोंगरावरच्या गावाची दर्यावाट

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. तरीही साताऱ्याच्या डोक्यावरचं, साडेचार हजार फुटांवरचं महाबळेश्वर नावारूपाला आलं त्यात बोटींचा वाटा मोठा आहे. आज पसरणीच्या घाटात गाड्यांच्या रांगेत अडकलेल्याला हे पटणं अवघड!

1824 मध्ये साताऱ्याच्या छावणीतला लॉडविक हा लष्करी अधिकारी इथल्या कड्यापर्यंत चढून गेला. पुढे मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम यानं छत्रपती प्रतापसिंहांशी 1829 मध्ये करार करून ही जागा घेतली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा दिलं. पेठेला नाव पडलं माल्कम पेठ. उन्हाळ्यात मुंबई इलाख्याचा कारभार इथून चालू लागला.

पण मुंबईचा साहेब इथवर यायचा कसा? बोटीनं बाणकोटला, तिथून भरती साधून सावित्रीच्या खाडीतून महाडच्या बाजूला, आणि मग प्रतापगडाच्या पायथ्याजवळून पार घाटानं पालखीत. थंड हवा साहेबाला, घाम भोयांना. लॉडविकच्या नावाच्या पॉइंटवर त्याचा स्मारकस्तंभ आहे. भोयांच्या नावाचा एकही पॉइंट मला तरी सापडला नाही.

सक्तीनं आणलेलेही होते. समुद्रापारहून आणलेले चिनी आणि मलायी कैदी इथल्या तुरुंगात ठेवले जात. बटाटा आणि विलायती भाज्यांचे मळे त्यांच्या मेहनतीवर उभे राहिले. स्ट्रॉबेरी क्रीम खाताना एवढं आठवलं तरी पुरे.

या जलमार्गाची दुखरी खूण म्हणजे आर्थर सीट. सावित्रीच्या पाण्यात होडी बुडून आर्थर मॅलेट या अधिकाऱ्याची पत्नी आणि मूल गेलं. तो या कड्यावर बसून त्याच नदीच्या खोऱ्याकडे बघत राही, असं सांगतात. गाइड मंडळी हे आवाज खाली आणून सांगतात, आणि लगेच दरीत बाटलीचं झाकण टाकायला लावतात. खालून येणाऱ्या वाऱ्यानं ते वर उडून येतं. दु:खाचा असा खेळ झालेला मला आवडत नाही. झाकण मात्र खरंच परत येतं.

गावाची आजची नौकानयनाची हौस वेण्णा तलावावर भागते. तो साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी 1842 मध्ये बांधून घेतला. वल्ह्याच्या होड्या, पॅडल बोटी, काठावर घोडे आणि निखाऱ्यावरची कणसं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धक्क्याच्या फळ्यांवर आणि गाड्यांच्या टपांवर दवबिंदू गोठतात आणि पेपरांना दरवर्षीचा फोटो मिळतो.

जुन्या क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात सावित्री आणि कृष्णा दोघींचा उगम मानतात. सावित्री कोकणात उतरून बाणकोटला समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेला वळते, माहुलीला वेण्णेला पोटात घेते आणि सांगलीला पोचते. होडीचं खरं वेड तिथे बघावं. कृष्णेच्या पात्रात नदीकाठच्या गावांचे संघ होड्यांच्या शर्यतीत उतरतात, आणि घाटावरून, 1929 च्या आयर्विन पुलावरून आरडाओरडा चालतो. महाबळेश्वरची बोट तिकीट काढून मिळते. सांगलीच्या होडीत बसायला दंडात ताकद लागते. शर्यत बघायची असेल तर पुलाच्या कठड्याशी जागा लवकर धरावी.