चिरंजीवाच्या अंगणातली दहा वर्षं

२०२५ या एकाच वर्षात विदर्भाच्या जंगलपट्ट्याने दोन माणसं गमावली. जानेवारीत मोहन हिराबाई हिरालाल गेले, जूनमध्ये मारुती चितमपल्ली. एकाने मेंढा (लेखा) गावाच्या सोबतीने जंगलाच्या मालकीचा आणि सर्वसहमतीचा अभ्यास केला, तर दुसऱ्याने वनखात्याच्या नोकरीत राहून पक्षी, झाडं आणि आदिवासींची भाषा टिपून ठेवली. चितमपल्लींना लोक अरण्यऋषी म्हणत. त्यांच्या निधनानंतर आलेल्या लेखांत त्यांच्या एकांताचं कौतुक भरभरून होतं; त्या एकांतातून त्यांनी काय सांगितलं, याकडे मात्र ओझरतंच लक्ष गेलं. अरण्यात राहणाऱ्या माणसाला नमस्कार करायचा आणि त्याचं म्हणणं बाजूला ठेवायचं, ही आपली जुनी रीत आहे. या भागातल्या सर्वांत जुन्या ऋषीच्या बाबतीतही आपण तेच केलं. गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा जिथे वळून उत्तरेकडे वाहते तिथे, मार्कंडा इथे मार्कंडेय ऋषीचं स्थान आहे. दर महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते. त्या ऋषीच्या शिकवणीच्या कसोटीवर गेल्या दहा वर्षांचा हिशेब मांडला तर तो आपल्या बाजूने लागत नाही, असं माझं म्हणणं आहे.

मधली शतकं भराभर ओलांडता येतील. मार्कंड्याची मंदिरं साधारण दहाव्या ते बाराव्या शतकातली. वीज पडून मुख्य मंदिराची पडझड झाली आणि गोंड राजांच्या काळात डागडुजी झाली, अशी आठवण लोक सांगत आले. १८७३-७४ च्या दौऱ्यात अलेक्झांडर कनिंगहॅम इथे पोहोचला आणि त्याने या समूहाची सविस्तर नोंद केली. १९८२ साली २६ ऑगस्टला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा मार्कंडा नव्या जिल्ह्याकडे आलं. ‘विदर्भाची काशी’ हे बिरूद तेवढं कायम राहिलं. या सगळ्या काळात ऋषीच्या नावाने एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली गेली: सोळा वर्षांचंच आयुष्य घेऊन आलेला मुलगा, त्याने शिवलिंगाला मारलेली मिठी, यमाचा फास आणि शंकराने परतवून लावलेला मृत्यू. गोष्ट सुंदर आहे, पण ती चमत्कारावर संपते. मंदिराचं आवार त्याहून जास्त बोलतं. त्याच आवारात ऋषीच्या वडिलांचं, मृकंडूंचं मंदिर आहे आणि यमधर्माचंही आहे. बाप, मुलगा आणि मृत्यू एकाच कुंपणात नांदतात. ज्याने यमाला हरवलं असं आपण म्हणतो, त्याच्या शेजारी यमालाही जागा देणाऱ्यांना अमरत्वापलीकडचं काहीतरी सांगायचं होतं, हे उघड आहे.

ते काय, याचा उलगडा महाभारताच्या वनपर्वात होतो. काम्यकवनात पांडवांना भेटलेला मार्कंडेय हा सगळं बुडताना पाहिलेला, प्रलयातून वाचलेला म्हातारा आहे. तो पांडवांना वनवासाचं माहात्म्य ऐकवत बसत नाही. तो कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. झाडाखाली बसलेल्या कौशिकाच्या अंगावर बगळीची विष्ठा पडते, तो रागाने वर पाहतो आणि बगळी मरून पडते. पुढे भिक्षेला गेल्यावर नवऱ्याच्या सेवेत गुंतलेली एक गृहिणी त्याला थांबवून ठेवते, वर म्हणते की मी काही बगळी नाही. तीच त्याला मिथिलेला पाठवते, आणि तिथे त्याला धर्म शिकवतो तो बाजारात मांस विकणारा व्याध. हा व्याध स्वतः जनावर मारत नाही, आईबापांची सेवा करतो, आणि अहिंसेच्या गर्वालाही टाचणी लावतो: नांगरताना जीव मरतात, चालताना मरतात, धान्यातही जीव असतो, पूर्ण अहिंसक कुणीच नाही, म्हणून प्रत्येकाने आपलं काम मर्यादेत करावं. चीनमध्ये च्वांगत्झूनेही जगण्याची कला शिकवायला एका खाटकालाच उभं केलं, हाडांच्या सांध्यांमधून अलगद सुरी फिरवणाऱ्या. ताओवाद्यांचे डोंगरातले साधू आणि आपला नदीकाठचा ऋषी यांची भेट इथे होते. तपश्चर्येचा दिमाख दोघांनाही नको आहे. हाताखालच्या वस्तूची घडण ओळखून, तिच्यावर जबरदस्ती न करता काम करणं, हाच दोघांचा धर्म.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यांना अधिक लागू पडते. इंद्रद्युम्न राजा स्वर्गातून खाली येतो, कारण पृथ्वीवर त्याची कीर्ती विसरली गेली. तो चिरंजीव मार्कंडेयाकडे येऊन विचारतो, मला ओळखता का? मार्कंडेय ओळखत नाही. त्याच्याहून म्हातारं घुबड ओळखत नाही, घुबडाहून म्हातारा बगळा ओळखत नाही. शेवटी तळ्यातलं कासव, अकूपार, डोळ्यांत पाणी आणून सांगतं की हे तळंच याच्यामुळे झालं. याने दान दिलेल्या गाईंच्या खुरांनी ही जमीन खणली गेली. साक्ष मिळते आणि राजा स्वर्गात परत जातो. राजाचे यज्ञ त्याला वाचवू शकले नाहीत. वाचवलं तळ्याने, आणि तळ्यात टिकलेल्या जीवाने. चंद्रपूरच्या गोंड राजांनी हे वाचलं होतं की नाही, याने काही बिघडत नाही, कारण त्यांनी ते केलं. जो तळं बांधेल त्याला त्याच्या पाण्याखालची जमीन, हे धोरण हीरशहाच्या नावाने आजही सांगितलं जातं. या पट्ट्यातला धान पिढ्यान्‌पिढ्या बोड्या-तलावांच्या पाण्यावर पिकला. त्या राजांचे दरबार कुणाला आठवत नाहीत, तलाव आठवतात.

आता २०१५ नंतरची दहा वर्षं पाहा. चंद्रपूर शहरात गोंडकालीन रामाळा तलाव सांडपाण्याने आणि जलपर्णीने गुदमरला; तो वाचवा, एवढं सांगण्यासाठी इको-प्रो या संस्थेच्या बंडू धोतरे यांना २०२१ मध्ये उपोषणाला बसावं लागलं. ज्या शहराला आपल्या राजाचं तळं स्वच्छ ठेवण्यासाठी माणूस उपाशी बसवावा लागतो, त्या शहरात कासवाची साक्ष कोण ऐकणार? दक्षिणेला सिरोंचासमोर गोदावरीवर मेडिगड्डा धरण उभं राहिलं. २१ जून २०१९ ला थाटात उद्घाटन झालं आणि २१ ऑक्टोबर २०२३ ला त्याचे खांब खचले, चार वर्षं आणि चार महिन्यांत. मधल्या काळात सिरोंचा तालुक्यातल्या शेतांत पाणी शिरत राहिलं. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर २०१६ मध्ये लोहखनिजाचं काम सुरू झालं, त्याच डिसेंबरात नक्षलवाद्यांनी वाहनं जाळली, २०२१ मध्ये काम जोमाने पुन्हा सुरू झालं आणि २०२३ मध्ये वर्षाला ३० लाख टनांची मर्यादा १ कोटी टनांवर गेली. तो डोंगर ठाकुरदेवाचा आहे. इलाक्यातल्या ७० गावांची तिथे दर जानेवारीत यात्रा भरते. आणि खुद्द मार्कंड्यात? मुख्य मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी दगड उतरवले गेले, काम सुरू झालं, रखडलं, पुन्हा सुरू झालं, आणि भाविक वर्षानुवर्षं त्या अर्धवट अवस्थेसमोर हात जोडत राहिले. तीर्थाच्या विकासाच्या घोषणांनी मात्र एकही निवडणूक चुकवली नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की पुराणातल्या ऋषीला इतिहासाचा साक्षीदार कसं करता? मार्कंडेयाचं स्थान नाशिककडे सप्तशृंगीसमोरच्या डोंगरावरही सांगतात, तमिळनाडूत तिरुक्कडैयूरलाही सांगतात, आणि सोलापूरचे पद्मशाली त्याला आपला मूळपुरुष मानतात. गडचिरोलीचाच तो, असा दावा मी करत नाही. तो इथे प्रत्यक्ष राहिला होता का, याचा पुरावा मिळणारही नाही. पण लोकांनी हजार वर्षं एका नदीवळणावर त्याचं नाव जपलं, हा पुरावाच आहे. एखादा समाज कुणाला आपला ऋषी मानतो यावरून त्याने स्वतःसाठी कोणती मोजपट्टी निवडली ते कळतं. या भागाने निवडलेला ऋषी दीर्घ आठवणीचा आहे. म्हणून आपल्या कामांना दीर्घ काळाची कसोटी लावणं ही बाहेरून आणलेली मागणी नाही. ती इथलीच आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. गडचिरोलीत रोजगार नाही, मुलं मिरची तोडायला तेलंगणात जातात, दवाखाना गाठेपर्यंत रुग्ण दगावतो; अशा जिल्ह्याला तळ्याच्या आणि ऋषीच्या गोष्टी सांगणं ही पोट भरलेल्यांची चैन आहे. या आक्षेपातली वेदना खरी आहे आणि तपोवनाचे गोडवे हे तिला उत्तर नाही. पण मार्कंडेयाच्या गोष्टीतला कौशिक शिकायला जातो तो बाजारातल्या दुकानात. काम करू नका, खोदू नका, लोखंड काढू नका, असं त्याची शिकवण सांगतच नाही. व्याध धंदा सोडत नाही. तो मर्यादा पाळतो आणि घरच्या म्हाताऱ्यांना विचारून जगतो. सुरजागडला नेमकं हेच हवं होतं: किती काढायचं, कोणत्या वेगाने, कुणाला विचारून, आणि डोंगर संपल्यावर त्या ७० गावांच्या हाती काय उरणार. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा)ने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवल्यावर सुमारे १,८०० हेक्टर जंगलाबाबत हे सारे प्रश्न स्वतःला विचारले आणि बांबूतून पैसाही उभा केला. तिथे जंगल आणि पोट यांचं वैर झालं नाही. शेजारीच जिवंत उदाहरण असताना रोजगार हवा तर प्रश्न विचारू नका, असं सांगितलं जातं, तेव्हा तो युक्तिवाद गरिबांच्या नावाने केलेला असतो, गरिबांचा नसतो.

या दहा वर्षांत आपण वाईट माणसांच्या हाती सापडलो, असं मी म्हणणार नाही. आपण घाईच्या हाती सापडलो. पाच वर्षांच्या हिशेबात बसेल तेवढंच काम मोठं मानायचं, ही सवय सरकारला लागली, ठेकेदाराला लागली आणि जत्रेला जाणाऱ्या आपल्यालाही लागली. मोहनभाऊंची आणि चितमपल्लींची पिढी संपत आली आहे. त्यांच्याइतका वेळ एका जंगलाला देणारी माणसं आता अभावानेच दिसतात. म्हणून पुढच्या महाशिवरात्रीला मार्कंड्याला जाणाऱ्यांनी आपल्या आमदाराला आणि जिल्हाधिकाऱ्यांना तीन प्रश्न लेखी विचारावेत: मंदिराचं काम कोणत्या तारखेला पूर्ण होणार, तालुक्यातल्या किती जुन्या तलावांचा गाळ या वर्षी निघणार, आणि सुरजागडच्या गावांची ग्रामसभा शेवटची कधी ऐकली गेली. उत्तरं येईपर्यंत दरवर्षी विचारावेत.