सदुसष्ट सेकंदांचं फिजिक्स

गेल्या दिवाळीत माझी भाची चार दिवस आमच्याकडे बरकतपुऱ्याला राहायला आली होती. इंटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एमपीसी. सकाळी चकल्यांची वाटी शेजारी ठेवून बसायची आणि फिजिक्सचे प्रश्न धडाधड सोडवायची. मी स्वतः अठ्ठावीस वर्षं ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, तरी तिचा वेग पाहून थक्क झाले.

एकदा सहज विचारलं, "चेंडू सरळ वर फेकला. अगदी वरच्या टोकाला पोचला, त्या क्षणी त्याचा वेग किती?"

"झिरो."

"आणि ॲक्सिलरेशन?"

"तेही झिरो."

"दोन्ही शून्य असेल तर चेंडू खाली कशाला येईल? तिथेच लटकून राहील की!"

ती थांबली. वहीत एक बाण काढला, खोडला. मग जरा चिडूनच म्हणाली, "आत्या, जी म्हणजे 9.8 हे मला माहीत आहे गं. पण प्रश्न असा येत नाही."

हे वाक्य मला लागलं, कारण ते माझंच होतं. फार वर्षांपूर्वी वर्गात मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं होतं, "मॅडम, चंद्रावरही पृथ्वीची ओढ आहे, तर तो पडत का नाही?" पोर्शन संपवायचा होता. मी म्हटलं, "परीक्षेत असं विचारत नाहीत, पुढे चला." त्यानंतर त्या मुलाने वर्षभर एकही प्रश्न विचारला नाही. उत्तर अवघड नव्हतं. चंद्र सतत पडतच असतो, पण आडवा वेग असल्यामुळे दर वेळी पृथ्वीला चुकवून पुढे जातो. पाच मिनिटांचं काम होतं. ती पाच मिनिटं मी वाचवली.

दोष एकट्या शिक्षकाचा नाही, हेही खरं. एमसेटचं नाव आता बदललंय, पण घराघरांत अजून एमसेटच म्हणतात. या परीक्षेत 180 मिनिटांत 160 प्रश्न, त्यांत फिजिक्सचे 40. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी सदुसष्ट सेकंद. तेवढ्यात विचार करायला सवड कुठली? प्रश्न पाहिला की सूत्र आठवायचं, आकडे घालायचे आणि पर्याय निवडायचा. हा सराव लागतोच, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण दोन वर्षं तेवढंच केलं, तर मुलांना वाटू लागतं की फिजिक्स म्हणजे हेच.

हे फक्त आपल्या हैदराबादचं दुखणं नाही. अमेरिकेत जॉन क्लेमेंट यांनी इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना वर उडवलेल्या नाण्यावर कोणती बलं काम करतात ते विचारलं होतं. नाणं वर जातंय म्हणजे त्याला वर ढकलणारं बल असणारच, असं बहुतेकांनी दाखवलं. त्यांचा तो अभ्यास 1982 साली प्रसिद्ध झाला. पुढे हार्वर्डमध्ये एरिक माझूर या प्राध्यापकांनी आपल्या वर्गाला अशाच साध्या प्रश्नांची चाचणी दिली. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मला खरंच वाटतं तशी? माझूर हादरले. त्यांनी शिकवण्याची रीत बदलली. आधी प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपलं उत्तर ठरवायचं, शेजाऱ्याला पटवून द्यायचा प्रयत्न करायचा आणि मग सरांनी बोलायचं.

आपल्याकडेही या विषयावर काम झालंय. मुंबईत 1974 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. त्याचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी. विज्ञानाच्या पुस्तकाची भाषाच मुलांच्या वाटेत आडवी येते, हा त्यांच्या कामातला एक महत्त्वाचा मुद्दा होता.

भाषेचा विषय निघाला की मला आमचे आजोबा आठवतात. ते परभणीकडचे. निजामाच्या काळात शिकायला हैदराबादला आले आणि उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून फिजिक्स शिकले. तरुण वाचकांना हे ऐकून नवल वाटेल. 1918 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात सायन्ससुद्धा उर्दूतून शिकवत. त्यासाठी आदल्याच वर्षी भाषांतराचं एक स्वतंत्र खातं उघडलं होतं, दार-उल-तर्जुमा. घरी मराठी, कॉलेजात उर्दू, बाजारात दख्खनी आणि तेलुगू, असे आजोबा. फोर्सला ते 'कुव्वत' म्हणत. मी विवेक वर्धिनीत मराठीतून शिकत होते, आमच्या पुस्तकात 'बल' होतं. मी गोंधळले की म्हणायचे, "अगं, आपली कुवत तीच ही कुव्वत. ढकलायची कुवत म्हणजे फोर्स. आता सांग, चेंडू हातातून सुटल्यावर त्याला ढकलतंय कोण?"

हाच प्रश्न मी भाचीला विचारला, मराठीतूनच. ती बराच वेळ गप्प बसली. मग हळूहळू म्हणाली, "हात सुटला म्हणजे वर ढकलणारं कोणीच नाही. फक्त पृथ्वी खाली ओढतेय. जाताना, वर पोचल्यावर, येताना, सारखीच. म्हणजे वर पोचल्यावरही ॲक्सिलरेशन 9.8च, खालच्या दिशेने. वेग शून्य झाला, पण बदलायचा थांबला नाही!"

वहीत न बघता हे बोलली. तिला कळलं हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही आणखी एक खेळ केला. बाल्कनीतल्या कपडे वाळत घालायच्या दांडीला दोरा बांधला आणि टोकाला दगड. दांडीपासून दगडाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर. लंबकाचं सूत्र तिला तोंडपाठ होतं. तरी मी विचारलं, "जड दगड लावला तर झोके भरभर होतील की सावकाश?" म्हणाली, "भरभर." मी म्हटलं, "आधी कागदावर लिही, मग मोज." मोबाइलवर वेळ लावून छोटे छोटे वीस झोके मोजले. चाळीस सेकंदांच्या आसपास. दुप्पट जड दगड लावला, दोरा तेवढाच. पुन्हा तेच. मग दोरा पाव मीटर केला. वेळ पावपट होईल असं तिचं भाकीत. निघाली निम्मी, वीस सेकंद.

तिने कपाळावर हात मारला. "सूत्रात वस्तुमान नाहीच! आणि लांबी वर्गमुळात आहे! आत्या, मी हे शंभर वेळा लिहिलंय."

लिहिलं होतं, पण त्यावर विसंबून कधी पैज लावली नव्हती. आधी आपलं मत ठरवायचं, मग करून बघायचं आणि चुकलं तर का चुकलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. माझ्या मते फिजिक्स शिकायला एवढंच पुरतं. अठ्ठावीस वर्षं वर्गात उभं राहून हे मला उशिरा उमजलं.

आता ती तिच्या घरी परत गेली आहे. रोजचे टेस्ट पेपर चालूच आहेत आणि तिला कुठे ॲडमिशन मिळेल ते मला ठाऊक नाही. पण दर रविवारी रात्री तिचा फोन येतो. एक प्रश्न ती विचारते, एक मी. मागच्या रविवारी लिफ्ट खाली निघताना क्षणभर हलकं का वाटतं ते तिने आमच्या आईला, म्हणजे तिच्या आजीला, समजावून सांगितलं. पंच्याऐंशी वर्षांच्या आजीने उलट विचारलं, "मग लिफ्ट थांबताना जड का गं वाटतं?" त्याचं उत्तर द्यायला भाचीने एक दिवस मागून घेतला.

आपल्या मंडळातल्या आई-वडिलांना माझी एक विनंती आहे. फिजिक्स येत नसलं तरी चालेल. मुलं क्लासवरून आली की किती मार्क पडले हे जरूर विचारा, पण आज शिकलेली एक गोष्ट मराठीत सांगायलाही लावा. अडखळली तर बरंच. कुठे कळलेलं नाही ते त्यांचं त्यांनाच दिसेल.

आणि मुलांनो, या रविवारी एक दोरा, दोन दगड आणि मोबाइल घ्या. मोजण्याआधी उत्तर कागदावर लिहा. चुकलात तर मला जरूर कळवा, बरोबर आलेल्यांपेक्षा तुमच्याशी बोलायला मला जास्त आवडेल. आणि तो चंद्राचा प्रश्न विचारणारा आमचा विद्यार्थी हे वाचत असेल, तर त्याला एवढंच सांगते, की प्रश्न फार चांगला होता. उत्तर उशिरा दिलं, माफ कर.